नावे जुळत होती, पण तेवढे पुरेसे नव्हते : सरहद्दीवरच्या एका वसाहतकाराच्या वंशशोधाचे प्रकरण

या प्रकरणातील घराण्याचे आडनाव मी मुद्दाम गाळले आहे. माणसे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीची असल्यामुळे गुप्तता राखण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. पण आडनाव एकदा वाचले की नातू पुढे कोण झाला हेच डोळ्यांपुढे राहते आणि प्रत्येक कागद, उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा, उलट्या बाजूने वाचला जातो. पहिली नावे मात्र तशीच ठेवली आहेत, कारण या प्रकरणातला निम्मा पुरावा आणि निम्मी अडचण त्या नावांतच आहे. ज्यांना घराणे ओळखू येईल त्यांनी थोडा वेळ ते विसरून पुढे वाचावे.

पार्श्वभूमी

1848 च्या मार्च महिन्यात, इलिनॉयमधून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात प्रथमच निवडून गेलेल्या 39 वर्षांच्या एका वकिलाकडे एक विचारणा आली. मॅसॅच्युसेट्समधील हिंगम या जुन्या गावचे सॉलोमन नावाचे गृहस्थ गावाचा आणि गावातील घराण्यांचा इतिहास जमवत होते, त्यांचे आणि या वकिलाचे आडनाव एकच होते, आणि ही दोन घराणी मुळात एकच आहेत काय हे त्यांना जाणून घ्यायचे होते. या लेखात वकिलाला ‘नातू’ आणि ज्याचा वंश शोधायचा होता त्या वसाहतकाराला ‘आजोबा’ म्हटले आहे.

नातवाने 6 मार्चला दिलेले उत्तर लहान आणि प्रामाणिक होते. वडिलांचे नाव थॉमस, आजोबांचे अब्राहम. आजोबा 1782 च्या सुमारास व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) केंटकीत गेले आणि दोन वर्षांनी इंडियनांच्या, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या, हातून मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात आले होते आणि ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते अशी घरात एक पुसट दंतकथा आहे. त्यापलीकडे आपण काहीच ऐकलेले नाही. एवढेच का ठाऊक आहे याचे कारणही त्याने सांगितले होते. वडील सहाव्या वर्षी पोरके झाले, घरी दारिद्र्य, मुलूख नवा, त्यामुळे ते अशिक्षित राहिले आणि घराण्याची माहिती पुढे पोहोचलीच नाही.

केंटकी तेव्हा व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडचा, अपलाचियन डोंगररांगांपलीकडचा भाग होता. शॉनी आणि चेरोकी लोक जेथे पिढ्यान् पिढ्या शिकार करीत आले होते तेथे 1775 नंतर वसाहतकारांचे लोंढे शिरू लागले. गावठाण नाही, चर्चची जन्मनोंद नाही, कचेरी एक-दोन दिवसांच्या वाटेवर, अशी तिथली स्थिती होती. अमेरिकेची पहिली जनगणना 1790 सालची. तिचे व्हर्जिनिया आणि केंटकीचे मूळ तक्ते नष्ट झाले आहेत, आणि आजोबा त्याआधीच गेले असल्यामुळे ते शिल्लक असते तरी येथे कामास आले नसते. अशा मुलखातला माणूस कागदावर उमटतो तो मुख्यतः जमिनीमुळे.

अडचण

प्रश्न वरवर सोपा होता: आजोबा अब्राहम कोणाचा मुलगा? अडचण अशी की त्या घराण्यात, आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे तशीच, तीच ती नावे पुन्हा पुन्हा येत होती. अब्राहम, मॉर्डेकाय, जॉन, थॉमस. पेनसिल्व्हेनियात याच आडनावाचा आणखी एक अब्राहम होता, तो आपल्या अब्राहमपेक्षा अवघ्या आठ वर्षांनी मोठा. कुलवृत्तांताचे काम केलेल्या कोणालाही ही डोकेदुखी परिचयाची आहे. एका पिढीत दोन चुलत भाऊ किंवा काका-पुतणे एकाच नावाचे निघाले की एकाचे लग्न दुसऱ्याच्या खाती आणि दुसऱ्याची जमीन पहिल्याच्या खाती चढायला वेळ लागत नाही.

दुसरी अडचण काउंट्यांच्या सीमांची होती. रॉकिंगहॅम काउंटी 1778 मध्ये ऑगस्टा काउंटीतून वेगळी झाली. पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटी 1752 पर्यंत अस्तित्वातच नव्हती. नातवाने पुढे लिहिले की पूर्वज ‘बर्क्स काउंटीतून’ आले, पण त्या पूर्वजाच्या बापाचे मृत्युपत्र फिलाडेल्फिया काउंटीच्या दप्तरात होते, कारण 1736 साली ते शेतघर फिलाडेल्फिया काउंटीतच मोडत होते. 2014 मध्ये ठाण्यातून पालघर वेगळा झाल्यावर जुना कागद आधी कोणत्या जिल्ह्याकडे मागायचा असा प्रश्न आपल्याकडे पडतो, तोच हा.

समोर असलेले मार्ग

1848 च्या वसंतात नातवासमोर चार वाटा होत्या. पहिली वाट मोहाची होती: सॉलोमन यांच्याजवळ हिंगमची वंशावळ तयार होती, तिच्यात मॉर्डेकाय आणि अब्राहम ही नावे होती, आडनाव तेच होते, होकार देऊन न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्स ज्यात मोडते त्या ईशान्येकडच्या प्रदेशाच्या) 1637 सालच्या स्थलांतरितापर्यंत एका पत्रात पोहोचता आले असते. दुसरी वाट, व्हर्जिनियात मागे राहिलेले नातलग शोधायची. तिसरी, व्हर्जिनिया आणि केंटकीच्या कचेऱ्यांत माणूस बसवून खरेदीखते, मृत्युपत्रे, मोजणीचे कागद पाहून घ्यायची; ही सर्वांत खर्चिक आणि सर्वांत खात्रीची. चौथी, विषय सोडून द्यायची, आणि कामकाजात बुडालेल्या पहिल्यांदाच निवडून आलेल्या सभासदाला ती सहज शोभली असती.

नातवाने दुसरी वाट धरली. ही निवड मला फार बोलकी वाटते. न्यू इंग्लंडशी नाते जोडायची संधी आयती चालून आली असताना त्याने सॉलोमनना उलट एक अडचणीची गोष्ट कळवली: तुमच्याकडे ‘लेव्ही’ हे नाव सर्रास आढळते, आमच्याकडे मात्र मी ते एकदाही ऐकलेले नाही. स्वतःला सोयीच्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी माहिती न विचारता देणारा वंशशोधक विरळा.

काय केले

व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर जेम्स मॅकडॉवेल त्या वेळी प्रतिनिधिगृहात होते आणि रॉकिंगहॅम त्यांच्याच मतदारसंघात येत असे. नातवाने त्यांना विचारले: या आडनावाचे कोणी तुमच्या भागात आहे का? आहेत, पण ओळखीचा असा एकच, डेव्हिड नावाचा म्हातारा गृहस्थ, असे उत्तर मिळाले. 24 मार्चला डेव्हिडला पत्र गेले. डेव्हिडच्या उत्तरात त्याने आपल्या अब्राहम नावाच्या काकाविषयी लिहिले होते, आणि 1801-02 च्या सुमारास आपण केंटकीतील वॉशिंग्टन काउंटीत त्या काकाचे कुटुंब पाहिल्याचेही. 2 एप्रिलला नातवाने कळवले की तुमचा काका अब्राहम आणि माझे आजोबा हे एकच, यात आता शंका उरली नाही.

चार आठवड्यांच्या आत, दोन पत्रांत, एक पिढी पक्की झाली. तीही कागदाने नव्हे, तर ज्याने ते घर प्रत्यक्ष पाहिले होते अशा माणसाच्या साक्षीने. नावे जुळणे आणि कुटुंब ओळखणे यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो: डेव्हिडला केवळ ‘अब्राहम’ हे नाव माहीत नव्हते, ते कुटुंब कोठे गेले आणि कोठे राहते हेही माहीत होते, आणि ती जागा नातवाच्या माहितीशी तंतोतंत जुळत होती.

त्यानंतर शोध तेथेच थांबला. डिसेंबर 1859 मध्ये, नाव देशभर होऊ लागले असताना, एका परिचिताच्या आग्रहावरून नातवाने स्वतःचा अल्प परिचय लिहून दिला, तेव्हा वंशाविषयी त्याने लिहिले ते असे: न्यू इंग्लंडमधील याच आडनावाच्या घराण्याशी संबंध जोडण्याचा प्रयत्न झाला, पण एनक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या साम्यापलीकडे त्यातून काही निश्चित हाती लागले नाही. गंमत अशी की 1848 मध्ये ‘आमच्याकडे नाही’ म्हणून सांगितलेले लेव्ही हे नाव अकरा वर्षांनी दोन्ही घराण्यांच्या समान नावांच्या यादीत आले आहे. मधल्या काळात आणखी नातलग कळले असावेत. त्यातून नावांच्या आधारावर किती भिस्त ठेवायची याचा अंदाज येतो: एक चुलत भाऊ सापडला की पुरावा पालटतो.

मोजणीचा एक कागद

आता ज्या कागदाकडे नातवाचे लक्ष गेले नाही त्याकडे वळू. मार्च 1780 मध्ये आजोबांनी व्हर्जिनियाच्या खजिन्यात 160 पौंड भरून केंटकीतील 400 एकर जमिनीचा परवाना घेतला होता. त्या काळी अशी जमीन चार पायऱ्यांनी हाती येत असे: परवाना, कोणत्या तुकड्यावर हक्क सांगितला त्याची नोंद, मोजणी आणि शेवटी सनद. मोजणीसाठी मोजणीदार लागे, साखळी ओढणारे दोघे लागत आणि झाडांवर कुऱ्हाडीने खुणा करणारा एक. ही माणसे बहुधा घरातली किंवा शेजारची असत, आणि त्यांची नावे कागदाच्या खाली लिहिली जात. या नावांच्या ओळीइतकी कामाची ओळ सरहद्दीच्या दप्तरात क्वचितच सापडते.

आजोबांची मोजणी 7 मे 1785 रोजी झाली. जमीन जेफर्सन काउंटीत फ्लॉइड्स फोर्कच्या लाँग रन या ओढ्यावर. चतुःसीमा अशी: ओढ्याच्या काठी उभ्या असलेल्या शुगर मेपलपासून आरंभ, तेथून पूर्वेस 300 पोल, एका पॉप्लर व शुगर मेपलपर्यंत, तेथून उत्तरेस 213⅓ पोल, बीच व डॉगवुडपर्यंत, पश्चिमेस 300 पोल, पांढऱ्या ओकपर्यंत व हिकरीपर्यंत, दक्षिणेस 213⅓ पोल, आरंभीच्या झाडापर्यंत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट आणि 160 चौरस पोलांचा एक एकर. 300 ला 213⅓ ने गुणले की 64,000 चौरस पोल होतात, म्हणजे बरोबर 400 एकर. प्रत्यक्ष जंगलात इतका काटकोनी आयत कोणी चालला असेल यावर माझा विश्वास नाही. पण कागद चोख आहे.

खाली नावे आहेत. साखळीवाले अनानिया आणि जोसाया. खुणा करणारा अब्राहम, म्हणजे जमिनीचा धनीच. लेखनिकाने आजोबांचे आडनाव कानाला जसे पडले तसे, भलत्याच अक्षरांनी लिहिले आहे, आणि त्याच कागदावर साखळीवाल्यांचे आडनाव मात्र नीट लिहिले आहे. अक्षरे जुळत नाहीत म्हणून हे वेगळे घराणे, असे म्हणणारा शोधक येथेच घसरला असता. जोसाया हा आजोबांचा मधला मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा. अनानिया हा नात्यातला.

या कागदाने आणखी एक काम केले. आजोबा 1784 मध्ये मारले गेले हे नातवाने सॉलोमनना सांगितलेले साल टिकत नाही, कारण मे 1785 मध्ये ते हातात कुऱ्हाड घेऊन आपल्याच जमिनीवर उभे आहेत. मृत्यू 1786 सालचा धरला जातो. थॉमसचा जन्म 1778 चा, त्यामुळे तो सहाव्या नव्हे, आठव्या वर्षी पोरका झाला. नातवाच्या पत्रातली दोन विधाने, साल 1784 आणि वय सहा, एकमेकांशी सुरेख जुळतात आणि तरीही दोन्ही चुकीची आहेत; एक चूक दुसरीला आधार देते.

मृत्यूचा प्रसंग मात्र घरात पिढ्यान् पिढ्या नीट टिकला. शेतावर काम करताना आजोबांना गोळी लागली. थोरला मॉर्डेकाय खोपटात धावला, जोसाया मदतीसाठी गढीकडे, आणि लहानगा थॉमस बापाच्या देहाजवळ राहिला. मॉर्डेकायने आतून नेम धरून हल्लेखोराला टिपले. नातवाने 1854 च्या एका पत्रात म्हटले आहे की साऱ्या दंतकथांत हीच आपल्या मनावर सर्वाधिक ठसली आहे. प्रसंग लक्षात राहतो, साल राहत नाही, हे कोणत्याही घराण्याला लागू आहे.

आजोबा मृत्युपत्र न करता गेले. व्हर्जिनियाने थोरल्या मुलाला सगळी जमीन देणारा जुना वारसा कायदा बदलला होता, पण नवा कायदा लागू झाला तो 1 जानेवारी 1787 पासून. त्यामुळे जमीन मॉर्डेकायकडे गेली आणि थॉमस मोलमजुरी करीत वाढला. ‘वडील दारिद्र्यात वाढले’ या नातवाच्या वाक्यामागे काही महिन्यांचा हा फरक आहे. हे कळायला वंशावळ पुरत नाही, त्या वर्षीचा कायदाही ठाऊक असावा लागतो.

निष्पत्ती

पणजोबांचा प्रश्न नातवाच्या हयातीत सुटला नाही. 1887 मध्ये सॅम्युअल शॅकफर्ड यांनी संपूर्ण वंशरेषा मांडली आणि 1909 पर्यंत इतर अभ्यासकांनी ती कागदपत्रांनी घट्ट केली. या साखळीतली कळीची कडी पेनसिल्व्हेनियातही नव्हती आणि व्हर्जिनियातही नव्हती. ती न्यू जर्सीत होती. 1736 मध्ये वारलेल्या मॉर्डेकायने आपल्या मृत्युपत्रात जॉन या मुलाला न्यू जर्सीतील 300 एकर जमीन दिली होती, आणि 1748 मध्ये ‘मॉर्डेकायचा मुलगा व वारस’ म्हणवणाऱ्या जॉनने तेथील 300 एकर विकल्याचे खरेदीखत दप्तरी आहे. बापाचे नाव, मुलाचे नाव आणि एकराचा आकडा एकाच ठिकाणी येतात तेव्हा योगायोगाला जागा उरत नाही. हाच जॉन 1768 मध्ये व्हर्जिनियातील लिनव्हिल क्रीकवर जमीन घेऊन गेला. आजोबा अब्राहम त्याचा मुलगा, 1744 चा जन्म.

आणि मॉर्डेकाय? तो हिंगमच्या घराण्यातला होता. म्हणजे सॉलोमन यांचा तर्क खरा निघाला; न्यू इंग्लंडशी नाते होतेच. तरीही 1848 मध्ये नातवाने ते मान्य न करण्याचा निर्णय बरोबर होता, आणि मी या प्रकरणाकडे वळलो तो याच मुद्द्यामुळे. त्या वेळी त्याच्या हाती जे होते त्यातून ते सिद्ध होत नव्हते. उत्तर नंतर खरे ठरले म्हणून आधीचा अंदाज पुरावा होत नाही.

क्वेकर पंथाची दंतकथा अर्धी खरी निघाली. घराणे क्वेकर शेजाऱ्यांत राहत होते आणि त्यांच्यात सोयरीकही झाली होती: वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या अब्राहमने, म्हणजे आजोबांच्या सावत्र काकाने, 1760 मध्ये ॲन बून या क्वेकर घरातील मुलीशी लग्न केले, केंटकीचा वाटाड्या डॅनियल बून तिचा चुलत भाऊ. पंथाबाहेर लग्न केल्याबद्दल ॲनला मंडळीपुढे जाब द्यावा लागला. शेजाऱ्याचा धर्म तीन पिढ्यांनी आपला होतो, असे दंतकथांच्या बाबतीत बरेचदा घडते.

आजीविषयी वाद दीर्घकाळ चालला. एका मताने तिचे नाव मेरी शिपली. पण व्हर्जिनियातील जमीन विकली गेल्यावर, 1781 मध्ये, पत्नीच्या हक्काचा त्याग नोंदवणाऱ्या कागदात ‘बाथशेबा’ असे नाव आहे. त्या काळच्या कायद्याने नवऱ्याने विकलेल्या जमिनीवर पत्नीचा विधवाहक्क उरत असे, म्हणून तिची संमती वेगळी घ्यावी लागे. बायकांची नावे या कागदांत सापडतात ती या कारणाने. बाथशेबा हे नाव येथे पक्के आहे, हेरिंग हे माहेर मात्र मुख्यत्वे परंपरेवर उभे आहे आणि तसेच सांगावे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक, माझ्या मते, डेव्हिडची साक्ष मिळाल्यावर थांबण्याची होती. डेव्हिड रॉकिंगहॅममध्येच राहत होता, कचेरी हॅरिसनबर्गला होती, आणि 1848 मध्ये तेथील दप्तर पुढच्या मानाने बरेच शाबूत होते. ‘काकांच्या नावाची खरेदीखते उतरवून पाठवा’ एवढी एक विनंती पुरली असती.

काउंटीची खातरजमा न केल्याचा फटका पुढच्या पिढीच्या बाबतीतही बसला. नातवाच्या आईवडिलांच्या 1806 च्या लग्नाचा कागद लोकांनी हार्डिन काउंटीत शोधला, तो सापडला नाही, आणि त्यावरून नको त्या कुजबुजी उठल्या. तो वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत होता आणि 1878 मध्ये सापडला: 50 पौंडांचे विवाहाचे हमीपत्र, खाली थॉमसची सही आणि जामीन म्हणून वधूपक्षाचा रिचर्ड बेरी. नववधू जेथे राहत होती ती काउंटी आधी पाहावी हा साधा नियम कोणी पाळला नव्हता.

आजच्या शोधकाने कागदांबरोबर जनुकीय चाचणीही वापरली असती. त्या वधूची आई कोण, हा प्रश्न 2015 मध्ये मातृवंशाच्या डीएनएवरून निकालात निघाला. तेथे शिपली घराण्यातली आई हे उत्तर बाद झाले आणि ल्यूसी हँक्स हे टिकले. आजोबांच्या पितृवंशासाठी मात्र मी आधी 1748 चे खरेदीखतच मागितले असते, कारण डीएनएवरून घराणे कळते, पण एकाच घराण्यातल्या दोन अब्राहमांपैकी कोणता, हे कळत नाही.

रॉकिंगहॅमच्या दप्तराचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. यादवी युद्धात, जून 1864 मध्ये, सुरक्षित जागी हलवण्यासाठी कागदांची पुस्तके गाडीत भरून नेली जात असताना उत्तरेच्या सैन्याने गाडीला आग लावली. ते सैन्य त्या वेळी नातवाच्याच हुकमाखाली होते. शेजारच्या लोकांनी जी पुस्तके ओढून काढली ती कडा जळलेल्या अवस्थेत अजून कचेरीत आहेत, आणि त्या पानांवर ओळीचा शेवट जेथे असायला हवा तेथे बरेचदा नुसता काळा काठ आहे.